एफ्लोर्निथिन : एका औषधाच्या बंद पडण्याचा व परतण्याचा इतिहास

एखादे औषध बाजारातून नाहीसे झाले की ते अपायकारक ठरले असावे, असा सर्वसाधारण समज असतो. १९६१ साली थॅलिडोमाइड मागे घेण्यात आले, तेव्हापासून तो अधिकच दृढ झाला. आफ्रिकेतील निद्रारोगावरील एफ्लोर्निथिन या औषधाचा इतिहास मात्र निराळा आहे.

त्सेत्से माशीच्या दंशातून शरीरात शिरलेले परजीवी कालांतराने मेंदूपर्यंत पोहोचतात आणि उपचाराअभावी रोगी बहुधा दगावतो. या अवस्थेवर १९४९ पासून मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध दिले जाई. ते शिरेतून जाताना असह्य दाह होई. शिवाय सुमारे ५ टक्के रोगी रोगाने नव्हे, तर या औषधानेच मृत्यू पावत. कर्करोगावरील संशोधनातून पुढे आलेले एफ्लोर्निथिन निद्रारोगाच्या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील प्रकारावर गुणकारी ठरले. बेशुद्ध रोगीही त्याने शुद्धीवर येत, म्हणून त्याला 'पुनरुत्थानाचे औषध' असे नाव पडले. १९९० मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

तरीही १९९५ मध्ये उत्पादन थांबले. औषधात दोष आढळला नव्हता. कर्करोगावर ते अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडले नाही आणि निद्रारोगाचे रोगी दुर्गम खेड्यांतील निर्धन लोक होते. दर सहा तासांनी एक याप्रमाणे १४ दिवसांत ५६ वेळा ते शिरेतून द्यावे लागे. हा खर्च तेथील आरोग्यव्यवस्थांना पेलणारा नव्हता. गरज होती, पण अर्थशास्त्राच्या परिभाषेतील 'मागणी' नव्हती.

२००० साली हेच द्रव्य स्त्रियांच्या चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांसाठी मलमाच्या रूपाने अमेरिकेत मान्य झाले. औषध परतले ते केवळ या मलमामुळे, असे म्हणणे अतिसुलभ होईल. 'सीमारहित डॉक्टर' ही संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांचे प्रयत्न आधीपासून चालू होते. परंतु सौंदर्यासाठी उपलब्ध असलेले द्रव्य मरणासन्न रोग्यास नाकारण्याचे समर्थन करणे आता अवघड झाले. २००१ मध्ये ॲव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी पाच वर्षांचा करार करून निद्रारोगावरील औषधे विनामूल्य देण्याचे मान्य केले.

पुढे निफर्टिमॉक्सच्या जोडीने ५६ ऐवजी १४ मात्रा पुरेशा ठरल्या आणि २००९ मध्ये ही संयुक्त उपचारपद्धती अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. २०१८ मध्ये नोंदलेल्या रोग्यांची संख्या हजाराच्या खाली गेली. त्याच वर्षी फेक्सिनिडाझोल या गोळीस युरोपीय औषध संस्थेची अनुकूल शिफारस मिळाली, आणि बहुसंख्य रोग्यांना एफ्लोर्निथिनची गरज उरली नाही.