अंधुक पाण्यासाठी मासेमारीचा कॅमेरा निवडताना: जाहिरातीतले आकडे आणि आपल्या धरणातलं पाणी

केबलच्या एका टोकाला मुठीएवढा कॅमेरा, दुसऱ्या टोकाला पाच-सात इंची पडदा आणि सोबत बॅटरी. पाण्याखालचा मासेमारीचा कॅमेरा म्हणजे एवढंच. ऑनलाइन दुकानांत तो सहज मिळतो आणि जाहिरातीतल्या निळ्याशार पाण्यात माशाचा खवला न् खवला मोजता येतो. तोच कॅमेरा जुलैत हिडकलच्या पाण्यात सोडला तर पडद्यावर दिसतो तो दूध घातलेला चहा. पैसे गेले ते गेलेच.

यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही. ही यंत्रं वाढली ती अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंड प्रदेशांत, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणाऱ्यांसाठी. बर्फाखालचं पाणी संथ असतं, गाळ खाली बसलेला असतो. तिथं उजेड कमी असला तरी पाणी स्वच्छ. आपल्याकडे दोन्ही अडचणी एकदम येतात. संध्याकाळचा उजेड कमी आणि पाण्यात लाल माती. म्हणून 'कमी उजेडात उत्तम' असं वाचून कॅमेरा घेणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, आपली अडचण अंधाराची आहे की गढूळपणाची? अंधारावर पैसे खर्चून इलाज होतो. गढूळपणावर फारसा होत नाही.

आधी ताटली, मग कॅमेरा

हे ओळखायला दमडी लागत नाही. १८६५ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची स्वच्छता मोजली. तळ्यांसाठी आज २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी वापरतात. घरची जुनी ताटली पांढरी रंगवून, खाली वजन बांधून, दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेल्या दोरीनं सोडली तरी काम भागतं. भर दुपारी, बोटीच्या किंवा काठाच्या सावलीच्या बाजूनं ती सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत कॅमेऱ्यालाही दिसेल, फार पुढचं नाही. ताटली ४० सेंटिमीटरवर गुडूप होत असेल तर त्या महिन्यात कुठलाही कॅमेरा घेऊन उपयोग नाही. दीड-दोन मीटरपर्यंत दिसत असेल तर मात्र पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

एकाच जागी हे वर्षातून तीन-चारदा करून पाहावं. पावसाळ्यात माती असते, दिवाळीनंतर ती खाली बसते आणि थंडीत पाणी सगळ्यात नितळ असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की शेवाळाचा हिरवा रंग चढतो. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या खाडीत याशिवाय भरती-ओहोटीचा हिशेब आहे. भरतीला समुद्राचं पाणी आत आलं की बरं दिसतं आणि ओहोटीला गाळ परत ढवळतो. चणक किंवा तांबोशी गरवणाऱ्यांना ही वेळ आधीपासूनच ठाऊक असते, कॅमेऱ्यालाही तीच लागू.

दिव्यांचा घोळ

बहुतेक कॅमेऱ्यांच्या भिंगाभोवती एलईडी दिव्यांचं कडं असतं. दिवे पांढरे किंवा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे, इन्फ्रारेड. खरेदीतली सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

घराबाहेरच्या सीसीटीव्हीला अवरक्त दिवे छान चालतात, कारण हवा तो प्रकाश खात नाही. पाणी खातं. शुद्ध पाण्यात हिरवा प्रकाश अर्धा व्हायला दहा मीटरहून जास्त अंतर लागतं. ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश जेमतेम १५-१६ सेंटिमीटरमध्ये अर्धा होतो. 'पूर्ण अदृश्य' म्हणून जास्त भावानं विकला जाणारा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश तर अडीच-तीन सेंटिमीटरमध्येच निम्म्यावर येतो. त्यातही प्रकाशाला माशापर्यंत जाऊन परत यायचं असतं, म्हणजे अंतर दुप्पट. अर्ध्या मीटरवरच्या माशावरून ८५० चा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत परतेस्तोवर शंभरातला दीडेक भाग उरतो, आणि हे गाळ न धरता. तेव्हा '९४० नॅनोमीटर' असं लिहिलेला पाण्याखालचा कॅमेरा सरळ बाजूला ठेवावा. ८५० चा चालेल, पण गळाजवळ हात-दीड हातावर काय येतंय एवढं बघण्यापुरता. त्याचा फायदा इतकाच की बहुतेक माशांना तो प्रकाश दिसत नाही, म्हणून ते बुजत नाहीत.

पांढरा दिवा लांब जातो, पण गढूळ पाण्यात तोच वैरी. चोर्ला घाटात दाट धुक्यात गाडीचा हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, रस्ता दिसायचा बंद होतो. भिंगाला चिकटून लावलेला दिवा पाण्यात हेच करतो. भिंगापुढचा गाळ उजळतो आणि मासा मागं राहतो. यावर उपाय दोन. दिव्याचा उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे आणि पूर्ण बंदही करता आला पाहिजे. नुसतं चालू-बंद बटण असलेला घेऊ नये. दुसरा उपाय, छोटा पाणबुड्या टॉर्च कॅमेऱ्यापासून हातभर लांब काठीला बांधून तिरका मारायचा. दिसायला गबाळं, पण महागड्या कॅमेऱ्यातल्या बाराएक दिव्यांपेक्षा हे चांगलं चालतं.

लक्स, भिंग आणि मेगापिक्सेल

कॅमेरा किती अंधारात बघू शकतो हे लक्समध्ये सांगतात. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर ०.१ ते ०.३ लक्स उजेड असतो. खोक्यावर '०.०१ लक्स' वाचून माणूस हरखतो. पण तो आकडा कोणत्या भिंगाला, किती मंद शटर ठेवून काढला हे खोक्यावर क्वचितच लिहितात. शटर सेकंदाच्या मोठ्या भागापर्यंत उघडं ठेवलं तर कुठलाही कॅमेरा अंधारात चित्र काढतो, फक्त हलणारा मासा त्यात धुराच्या रेघेसारखा दिसतो. आणि '० लक्स' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आत दिवे आहेत.

त्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, भिंगाचा एफ आकडा. तो जितका लहान तितका उजेड जास्त. एफ २.० पेक्षा एफ १.२ चं भिंग जवळजवळ पावणेतीन पट उजेड आत घेतं. दुसरी, सेन्सरचा आकार. एकाच आकाराच्या सेन्सरवर मेगापिक्सेल वाढवले की प्रत्येक ठिपका बारीक होतो आणि त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. अंधुक पाण्यात मोठ्या सेन्सरवरचे दोन मेगापिक्सेल हे छोट्यावरच्या आठांपेक्षा बरे. उजेड उतरला की आपोआप कृष्णधवल होणारा कॅमेरा असेल तर उत्तम. संध्याकाळनंतर रंगाचा हट्ट धरू नये, तसाही लाल रंग काही मीटरमध्येच नाहीसा होतो.

भिंगाच्या कोनाबद्दल जाहिराती गप्प असतात. सपाट काचेमागचं ९० अंशांचं भिंग पाण्यात गेलं की प्रकाश वळल्यामुळे जेमतेम ६४-६५ अंश बघतं. कोन हवेतला सांगितलाय की पाण्यातला, हे विचारायला लाजू नये. अंधुक पाण्यात रुंद कोनच घ्यावा, कारण मग मासा जवळ असतानाच पूर्ण दिसतो आणि मध्ये गढूळ पाणी कमी येतं.

केबल, बॅटरी, पडदा

'वायरलेस' शब्दाला भुलू नये. वायफाय पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच मरतं. वायरलेस म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना एकतर वर तरंगणारा फ्लोट असतो आणि त्याच्यापर्यंत केबल येते, नाहीतर चित्रण कार्डात साठतं आणि मासा गेल्यावर बघायला मिळतं.

केबल ३० मीटरची हवीच असं नाही. काठावरून गळ टाकणाऱ्याला १५ पुरते. धरणातल्या पिंजरापालनाचे पिंजरे बहुधा ६ बाय ४ बाय ४ मीटरचे असतात. जाळी कुठं फाटली ते बघायलाही तेवढीच केबल बास. खरं तर या कॅमेऱ्याचा सगळ्यात रोकडा उपयोग इथंच आहे. फाटलेल्या जाळीतून रात्रीत सगळी चिलापी निघून जाते, आणि ते भोक शोधायला एखाद्या पोराला गढूळ पाण्यात बुडी मारायला लावण्यापेक्षा हातभर अंतरावरून जाळी दाखवणारा साधा कॅमेरा केव्हाही परवडतो.

केबलला ओढ सोसणारा धागा आतून आहे का, आणि ती कॅमेऱ्याला जिथं जोडलीय ते टोक घट्ट आहे का, हे हातात घेऊन बघावं. आपली धरणं म्हणजे बुडालेली गावं. साळावलीत मे महिन्यात कुर्डी वर येतं, हिडकलमध्ये विठ्ठलाचं देऊळ. एरवी त्या भिंती, झाडांचे बुंधे आणि फाटकी जाळी पाण्याखालीच असतात आणि केबल त्यातच अडकते.

'आयपी६८' नुसतं असून चालत नाही. किती मीटरला आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते, म्हणून दोन्ही आकडे लेखी मागावेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. बॅटरीचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ५४ वॅट-तास. पडदा आणि कॅमेरा मिळून ८ वॅट खात असतील तर पावणेसात तास चालेल, दिव्यांचे ४ वॅट वाढले की साडेचार. पडद्याचा उजेड अगदी मंद करता यायला हवा, नाहीतर रात्री एकदा पडद्याकडे बघितलं की काठावरचा दगड आणि पाणी यातला फरक वीस-तीस मिनिटं कळत नाही.

रात्रीच्या वापराबद्दल आणखी थोडं. गोव्यातला कुंभारजुवे कालवा, सांगलीकडची कृष्णा, दांडेलीची काळी आणि बडोद्याची विश्वामित्री, इथं मगरी आहेत. तिथं अंधारात काठाला वाकून केबल सोडण्याचा उद्योग करू नये. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला केंद्र सरकारनं २०१७ मध्ये समुद्रात बंदी घातली आहे, त्यामुळे 'कॅमेऱ्यासाठी' म्हणून होडीला मोठे दिवे टांगले तर ऐकून कोण घेणार? धरणात गळ टाकायचे नियम आणि परवाने कर्नाटकात, गोव्यात आणि महाराष्ट्रात वेगवेगळे आहेत. एका काठाची परवानगी दुसऱ्या काठाला चालेल असं धरून चालू नये.

कॅमेरा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत तो पिंपात तपासावा. कॅमेरा बंद करून रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी काचेच्या आतून दव धरलंय का ते बघायचं. धरलं असेल तर सील गेलं, त्याच दिवशी परत पाठवावा. मग संध्याकाळी दिवे घालवून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला वर्तमानपत्राचा मथळा भिंगापासून फूट-दीड फुटावर धरून वाचता येतो का ते बघावं, आणि पाण्यात मूठभर माती कालवून पुन्हा एकदा. जीएसटीचं बिल आणि यंत्राचा क्रमांक जपून ठेवावा. खाऱ्या पाण्यात वापरला असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन, केबल न पिळता सैल वेटोळं करून ठेवावी.