कोर्ट होतं म्हणून गाव होतं: गिलफर्ड कोर्टहाऊसची लढाई

तालुक्याच्या गावाला जीव असतो तो कचेरीमुळे. तारखेला आलेली माणसं, वकील, चहाची टपरी, खानावळ, सगळं तिच्याभोवती. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये असंच एक गाव होतं, गिलफर्ड कोर्टहाऊस. १७७१ मध्ये गिलफर्ड जिल्हा झाला आणि कोर्टाभोवती छोटीशी वस्ती उभी राहिली. गावाचं नावसुद्धा कोर्टावरूनच पडलं.

लढाई इथेच का झाली?

अमेरिकेचं इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. गाव रस्त्यावर होतं. आजूबाजूला दाट झाडी, मध्ये शेतं आणि कोर्टाजवळ उंचवटा. अमेरिकन सेनापती नथॅनिएल ग्रीन याने ही जागा आधीच हेरून ठेवली होती.

१५ मार्च १७८१ रोजी इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस चालून आला. त्याच्याकडे जेमतेम १,९०० सैनिक, तर ग्रीनकडे सुमारे ४,४००. पण ग्रीनचे बरेचसे लोक म्हणजे शेतावरून आलेले हंगामी शिपाई. त्याने तीन फळ्या लावल्या. पुढे कुंपणाआड नॉर्थ कॅरोलायनाचे, मागे झाडीत व्हर्जिनियाचे आणि कोर्टाजवळ पक्की कवायती फौज.

जिंकूनही हरले

दोन-अडीच तास लढाई झाली. शेवटी ग्रीनने माघार घेतली, मैदान इंग्रजांचं झालं. पण त्यांचे ९३ ठार आणि ४०० हून जास्त जखमी झाले. म्हणजे चारातला एक माणूस गेला! रात्री धो धो पाऊस पडला, जखमी उघड्यावरच राहिले. जवळच्या न्यू गार्डन वस्तीतल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी त्यांची सेवा केली. हे लोक युद्धच मानत नसत. त्यांनी जखमी कोणत्या बाजूचा, हे पाहिलं नाही.

खिळखिळी झालेली फौज घेऊन कॉर्नवॉलिस आधी किनाऱ्याकडे, मग व्हर्जिनियात गेला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊनला त्याच्या सैन्याने शरणागती पत्करली.

आपला संबंध काय?

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. १७९२ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणला वेढा पडला, तेव्हा हरिपंत फडके यांच्यासह पेशव्यांची फौज त्याच्या बाजूने होती. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

मग गावाचं काय झालं?

लढाईने गाव मोडलं नाही. १७८५ मध्ये त्याला मार्टिनव्हिल हे नवं नाव मिळालं. पण जिल्ह्याच्या मध्यावर कोर्ट हवं, अशी मागणी झाली. १८०८ मध्ये नव्या ठिकाणासाठी ४२ एकर जागा घेतली. तिला ग्रीनचंच नाव दिलं, ग्रीन्सबोरो. कोर्ट तिकडे गेलं आणि त्यामागे माणसंही. जुनं गाव ओस पडलं.

आज तिथे १९१७ पासून राष्ट्रीय स्मारक उद्यान आहे. तोफांच्या माऱ्यातून वाचलेलं गाव कचेरी हलल्यावर मात्र उठलं.