ध्वनिवर्धकाची निवड : इतिहास काय सांगतो?

संगणकाच्या स्पीकरांसाठीं अथवा हेडफोनसाठीं ध्वनिवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, कोणता घ्यावा, हा प्रश्न इतिहासाच्या एका निवृत्त मास्तरानें हातीं घ्यावा याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न माझ्या घरांतच उभा राहिला. माझी मुलगी परदेशीं असते आणि दर रविवारीं संगणकावरून बोलते. वयोमानानें माझे कान मंदावले आहेत. तिचें बोलणें अर्धेंमुर्धेंच कळे. तेव्हां बाजारांत दिसला त्यांतला सर्वांत शक्तिमान् ध्वनिवर्धक मीं आणला. आवाज वाढला खरा, पण त्याबरोबर घरघरही वाढली. "बाबा, ऐकूं येतें ना?" असें तिनें तीनदां विचारलें, आणि तीनही वेळां मीं "हो" असें खोटेंच सांगितलें. त्या लाजेपोटीं मी या यंत्राचा इतिहास वाचूं लागलों.

१९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें काचेच्या नळींत बारीक तारेची जाळी बसविली. या जाळीवर आलेल्या क्षीण विद्युद्दाबानें नळींतून वाहणारा मोठा प्रवाह कमीअधिक करतां येतो. पाटकरी एका हातानें फळी वरखालीं करतो आणि सबंध पाटाचें पाणी त्याच्या इशाऱ्यानें वाहतें, तसाच हा प्रकार. पाणी पाटाचें, हुकूम फळीचा! अशा नळ्यांच्या साहाय्यानेंच १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टेलिफोनवर बोलणें शक्य झालें. त्याच वर्षीं २४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढें जेन्सन आणि प्रिडहॅम यांनीं आपल्या कर्ण्यांतून प्रचंड जनसमुदायाला भाषण आणि संगीत ऐकविलें.

हेडफोनची कुळकथा निराळी आहे. १९१० च्या सुमारास युटा प्रांतांतील नॅथॅनिएल बाल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून ते तयार केले आणि अमेरिकन आरमारानें विकत घेतले. कानाशीं लागून असलेल्या साधनाला शक्ति फार थोडी लागते. खोली भरावयाची असेल तर गोष्ट वेगळी. १९२५ सालीं राइस आणि केलॉग यांनीं चुंबकांत हलणाऱ्या वेटोळ्याचा कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

पण मला खरा धडा मिळाला तो १९२७ सालच्या हकीकतींत. २३ जुलैला मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन झालें. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, २ ऑगस्टला, हॅरल्ड ब्लॅक नांवाचा २९ वर्षांचा अभियंता होडींतून हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर निघाला होता. ध्वनिवर्धक आवाज वाढवितो, पण त्यांत स्वतःची विकृतिही मिसळतो, हें कोडें त्याला वर्षानुवर्षें छळीत होतें. त्या सकाळीं त्याला उत्तर सुचलें आणि हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें तें लिहून काढलें. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून पुनः आंत पाठवावा, म्हणजे यंत्रानें घातलेली विकृति बरीचशी आपोआप कापली जाते. मात्र याची किंमत म्हणून वर्धनशक्तीचा मोठा भाग सोडून द्यावा लागतो. शक्ति टाकून शुद्धता मिळवावी, ही कल्पना इतकी चमत्कारिक वाटली कीं पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडलें! पुढें १९४७ सालीं विल्यमसन यानें इंग्लंडांतील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत जो १५ वॅटचा ध्वनिवर्धक प्रसिद्ध केला, त्याची विकृति याच युक्तीच्या बळावर एक दशांश टक्क्याहूनही कमी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मला आणि नळीची जागा हळूहळू त्यानें घेतली.

आतां हा इतिहास बाजारांत कसा उपयोगीं पडतो तें पाहूं. पहिली गोष्ट : संगणकासाठीं विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्पीकरांच्या पोटांतच ध्वनिवर्धक असतो, त्यांना दुसरा जोडण्याचें कारण नाहीं. दुसरी : वॅटच्या आंकड्यांना भुलूं नये. शक्ति दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबेलनें वाढतो. १० वॅटचे २० झाले तरी कानाला थोडाच फरक कळतो. तिसरी : हेडफोनचा विद्युत्-अवरोध ओममध्यें पहावा. एक सहस्रांश वॅट शक्ति देण्यास ३२ ओमच्या हेडफोनला सुमारें ०.१८ व्होल्ट पुरतात, तर ३०० ओमच्या हेडफोनला सुमारें ०.५५, म्हणजे तिप्पट. तेव्हां जास्त ओमच्या हेडफोनला अधिक व्होल्ट देणारा ध्वनिवर्धक हवा. ध्वनिवर्धकाचा स्वतःचा अवरोध मात्र हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओमला ४ ओमपेक्षां कमी. चौथी आणि मुख्य : यंत्र शांत असावें. कांहीं वाजत नसतां हेडफोन कानाला लावून पहावा. घरघर ऐकूं आली तर तें यंत्र परत करावें.

शिवाय कानाची मर्यादा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपेक्षां अधिक ऐकूं नये. आंतील कानांतल्या नाजूक केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुनः उगवत नाहींत. तरुण श्रोत्यांनीं हें विशेष ध्यानीं धरावें.

मीं तो भला थोरला ध्वनिवर्धक परत केला आणि लहानसा, पण निःशब्द असा, संगणकाबाहेर ठेवावयाचा ध्वनिवर्धक आणला. पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत मी हेंच शिकलों होतों : गोंगाटाच्या वर्गांत ओरडून फायदा नाहीं, वर्ग शांत झाला कीं हळू बोललेलेंही शेवटच्या बांकापर्यंत पोंचतें. स्वतःच्या कानांच्या बाबतींत मात्र तें विसरलों होतों.

पुढच्या रविवारीं मुलीनें पुनः विचारलें. या वेळीं मीं खरें सांगितलें : "पुष्कळ ऐकूं येतें, सगळें नाहीं. जरा सावकाश बोल." ती सावकाश बोलूं लागली. तेवढें मात्र कोणत्याही ध्वनिवर्धकाला साधलें नसतें.