गिरणीची कात्री, कोयत्याचा फटका

बागेतले गवत कापणाऱ्या यंत्राचे मूळ शेतीत नाही, कापड गिरणीत आहे. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांत कापड विणून झाले की ते फिनिशिंगकडे जाई. फिनिशिंगच्या शिअरिंग यंत्रात, म्हणजे कातरणीत, एका रुळावर पीळदार पाती बसवलेली असतात, त्यांच्याखाली एक स्थिर पाते असते, आणि दोहोंच्या चिमटीतून कापडावर उभे राहिलेले तूस व सुटे दोरे छाटले जातात. कापडाच्या अंगाला धक्का लागत नाही, वरचे तेवढे निघते. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यात हेच काम बनातीवर, म्हणजे जाड लोकरी कापडावर, चाले. तिथल्या गिरण्यांची यंत्रे जाणणाऱ्या एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली या कातरणीला खाली रूळ आणि मागे दांडा जोडला, बनातीच्या जागी हिरवळ घातली आणि पेटंट घेतले. जॉन फेराबी यांच्या थ्रप गावातल्या कारखान्यात हे १९ इंच रुंदीचे यंत्र तयार झाले. त्या कारखान्याचे नाव फिनिक्स. लोअर परळमधल्या १९०५ सालच्या फिनिक्स मिलशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. पण कुळ एकच, कापडाचे.

खरा वाद बडिंगच्या मागच्या पिढीत आहे. पीळदार पात्यांची कातरणी मुळात कोणाची? अमेरिकेत सॅम्युअल डॉरने १७९२ सालीच तशा यंत्राचे पेटंट घेतले होते. स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोंबच्या लुईस मंडळींनी १८१०च्या दशकात आपले पेटंट नोंदवले आणि पुढे नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचले. प्रतिपक्षाने डॉरच्या यंत्राचा नमुना इंग्लंडात आधीच आला होता हे पुढे केले. १८२९ साली निकाल लुईस यांच्या बाजूने लागला, कारण तो नमुना आला असला तरी लोकांच्या वापरात आलेला नव्हता. कायद्याने हे बरोबर असेल; कुळकथेला मात्र कायद्याचा निकाल बांधील नाही. समुद्र ओलांडून आलेला नमुना स्ट्राउडसारख्या दाटीवाटीच्या खोऱ्यात कोणाच्याच कानावर गेला नाही, हे मला पटत नाही. कारागीर एकमेकांच्या कारखान्यांत सतत जात-येत असत. म्हणून आजोबांचा मान मी डॉरला देतो, बापाचा लुईसना, आणि बडिंगकडे नातवाचे श्रेय ठेवतो: वस्तू बदलायची कल्पकता त्याची.

आता ट्रॅक्टरमागे लावायच्या रोटरी मोअरकडे, म्हणजे आपल्याकडचे दुकानदार ज्याला स्लॅशर म्हणतात त्याच्याकडे. बहुतेक इतिहास त्याला बडिंगचाच वंशज ठरवून मोकळे होतात. माझे म्हणणे असे की हे कुळ वेगळे आहे. गिरणीच्या कातरणीला खालचे पाते लागते, कारण कापले जाणारे दोन धारांमध्ये धरावे लागते. स्लॅशरला खालचे पातेच नाही. तो गवताला इतक्या वेगाने हाणतो की वाकून निसटायला त्याला वेळ मिळत नाही. गवताचे स्वतःचे जडत्वच अडणीचे काम करते. फरक पाहायचा तर विळा आणि कोयता घ्या. विळ्याने गवत कापताना डाव्या हाताची मूठ पेंढी घट्ट धरते, तेव्हाच धार चालते. ती मूठ म्हणजेच कातरणीचे खालचे पाते. कोयत्याने झुडूप मारताना धरायला कोणी नसते, सगळा भार फटक्यावर. स्लॅशर कोयत्याच्या घरचा.

यावर आक्षेप असा येईल की तसे असते तर रोटरी यंत्र बडिंगच्या आधीच का निघाले नाही? उत्तर वेगात आहे. घोडा किंवा माणूस चाके फिरवून एवढा वेग देऊ शकत नाही, म्हणून घोड्यांच्या जमान्यात दातेरी पट्टीची कात्रीच चालली. इंजिन आल्यावर १९३३ साली इंग्लंडात रोटोसाइद हे यंत्र विक्रीला आले. नावात विलायती लांब कोयता, साइद, आहे. पण साइदची धार गवतावरून सरकत कापते आणि स्लॅशरचे पाते बरेचदा बोथट असूनही काम करते, त्यामुळे नावावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. ट्रॅक्टरला पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा, १९१८च्या सुमारास आला, मिनिटाला ५४० फेरे हे मान पुढच्या दशकात ठरले, फर्ग्युसन या अभियंत्याच्या तीन टोकांच्या जोडणीने अवजार उचलता येऊ लागले, आणि १९५१ साली अमेरिकेत अलाबामातल्या सेल्मा गावी बुश हॉग हा स्लॅशर निघाला. ५ फुटी स्लॅशरचा गिअरबॉक्स ५४० फेऱ्यांचे ८००च्या आसपास करतो असे धरले, तर पात्याचे टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जाते. तो वेगच त्याची धार.

कुळ ओळखले की निवड सोपी होते. १९८२च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचे अनेक गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर परतले. कोकणातल्या चाळीस-पन्नास गुंठ्यांच्या आंबा-काजूच्या बागेत जांभ्याचे दगड, खुंट आणि कमरेएवढे गवत असते. त्यात कात्रीच्या घराण्याचे यंत्र घालणे म्हणजे पात्याचा जीव घेणे. ते क्रिकेटच्या मैदानासाठी. बागेला स्लॅशरच हवा. मिनी ट्रॅक्टर १५ अश्वशक्तीचा असेल तर साडेतीन फुटांच्या वर जाऊ नका. ५ फुटांचा मोह २५-३० अश्वशक्तीपासून पुढे. पाती खिळीवर मागे वळणारी हवीत, म्हणजे दगड लागल्यावर गिअरबॉक्स वाचतो. आणि शाफ्टवर किमान तुटणारा बोल्ट, जमल्यास स्लिप क्लच घ्या. गवत पार जमिनीलगत कापू नका, तीन-चार इंच सोडा. शाफ्टवरचे झाकण आणि मागची साखळी काढू नका, आणि यंत्र चालू असताना बागेत माणूस किंवा जनावर येऊ देऊ नका: त्या वेगाने उडालेला दगड फार लांब जातो.