वादळाने घेतलेली परीक्षा

१९८८ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर मॅडिसन येथे आपल्या घरी बसून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. बाहेर वादळ चाललेले. तारेत खरखर सुरू झाली आणि त्यांनी टाइप केलेल्या आज्ञांत भलतीसलती अक्षरे येऊन मिसळू लागली. आता यात नवल ते काय? टेलिफोनची खरखर आपणही ऐकलेली आहे. मिलरना नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ती निरर्थक अक्षरे पोटात जाताच युनिक्स प्रणालीतले रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळत होते. अहो, आज्ञा समजली नाही तर प्रोग्रामने तसे सांगावे. एकदम प्राण का सोडावा?

हाच प्रश्न त्यांनी आपल्या पदव्युत्तर वर्गापुढे अभ्यास म्हणून ठेवला. अर्थहीन अक्षरांचा नुसता भडिमार करणारा एक प्रोग्राम विद्यार्थ्यांनी लिहायचा; त्याचे नाव 'फझ'. पंडितांना ही रीत रुचण्यासारखी नव्हती. वाटेल ते टाकून पाहण्याच्या चाचणीला ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात पंगतीतला अगदी शेवटचा पाट दिला होता. पण १९९० मध्ये मिलर, लार्स फ्रेडरिक्सन आणि ब्रायन सो यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि आकडेच बोलू लागले. युनिक्सचे सात प्रकार, जवळजवळ ९० प्रोग्राम. कोणताही प्रकार घ्या, २५ ते ३३ टक्के प्रोग्राम कोसळलेले!

कारणे मुळीच गूढ नव्हती. एकच सांगतो. सी भाषेत 'गेट्स' नावाची एक तयार सोय होती. आलेली ओळ वाचून स्मृतीतल्या ठरावीक जागेत ठेवणे, हे तिचे काम. पण ती जागा किती मोठी, हे ती विचारीतच नसे. शेराच्या मापात पायली ओतली तर दाणे बाजूला सांडणारच. इथे बाजूच्या जागेत 'काम झाल्यावर कोठे परतायचे' ही नोंद असू शके. ती पुसली गेली की प्रोग्राम भरकटे. आणि तीच कोणी मुद्दाम आपल्याला हवी तशी लिहिली तर? २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या 'किड्या'ने नेमके तेच केले. 'फिंगर' सेवेच्या ५१२ अक्षरांच्या जागेत त्याने ५३६ अक्षरे कोंबली. या व आणखी एक-दोन वाटांनी तो हजारो संगणकांत शिरला. ज्या फटीतून वादळाची धूळ आत येत होती, तसल्याच फटीतून चोरही येत होता.

मिलर यांच्या गटाने आपली साधने आणि दोषांची यादी सर्वांना खुली करून दिली. दुरुस्तीसकट, फुकट! १९९५ मध्ये फेरपरीक्षा झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या विकाऊ युनिक्समधले १५ ते ४३ टक्के प्रोग्राम नापास, आणि त्यांतले कितीतरी दोष १९९० चेच. फुकट वाटल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये मात्र नापासांचे प्रमाण ९ टक्के. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने यावरून काय समजायचे, ते तुम्हीच ठरवा. 'गेट्स' तर सी भाषेच्या प्रमाण नियमांतून काढले गेले ते २०११ साली.