खिरापतीचा डबा

सप्टेंबर सरता सरता सूर्य हस्त नक्षत्रात जातो. दुपारी ऊन चटके देते आणि संध्याकाळी अचानक आभाळ भरून येऊन गडगडाटासह एखादी सर कोसळते. हा हत्तीचा पाऊस. रब्बीच्या ज्वारीला लागणारी ओल त्याच्याकडून मिळते, म्हणून शेतकरी त्याची वाट पाहतो. कुठे तो उभे पीक आडवे करतो, तिथे त्याच्या नावाने बोटेही मोडली जातात. याच दिवसांत घरोघरच्या पाटावर दुसरा हत्ती उमटायचा. तो रांगोळीचा किंवा खडूचा असे, कधी तांदूळ-गहू मांडून काढलेला. त्याच्यावर झेंडू-शेवंतीची फुले वाहायची, पाट अंगणाच्या मधोमध ठेवायचा आणि आळीतल्या मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा.

पुण्याकडे हा भोंडला. सातारा-कोल्हापूरकडे गेले की तोच हादगा होतो आणि हत्ती पाटावरून उठून भिंतीवर जातो. समोरासमोर सोंड उंचावलेले दोन हत्ती कागदावर असतात आणि त्यांना फळाफुलांच्या माळा चढतात. हादगा हे एका झाडाचेही नाव. त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी किंवा भजी ज्याने खाल्ली आहेत, त्याला दोन्ही हादगे एकदम आठवतात. विदर्भात हत्तीच नाही. तिथे मातीची भुलाबाई आपल्या भुलोजीसह माहेरपणाला येते, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसते आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर राहते. खानदेशात तिची गुलाबाई होते. मखरातली बाई पार्वती, पण गाण्यांतून तिला डोहाळे लागतात, तिचे बाळंतपण होते, बाळाचा पाळणा हलतो. देवीपेक्षा ती शेजारघरची लेकच अधिक वाटते.

माहेर-सासर हा या गाण्यांचा कणाच. आज आठ-दहा वर्षांची मुलगी सासूच्या जाचाचे गाणे म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. एके काळी त्यात गमतीचा भाग थोडा होता. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. पुढल्याच वर्षी आनंदीबाई जोशी बोहल्यावर चढल्या, वय ९. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा मंजूर झाला १९२९ साली आणि अमलात आला १९३० च्या एप्रिलमध्ये. त्याआधीच्या अंगणात फेर धरणाऱ्या कितीतरी पोरी लग्न झालेल्या असत, काही सासरीच असत. कारल्याच्या गाण्यातली सून माहेरी जायला परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लागला तर कोंब येऊ दे, कोंब आला तर फूल, मग कारले, मग भाजी. प्रत्येक कडव्याला माहेर एक पाऊल लांब सरकते. दुसऱ्या एका गाण्यात राणी रुसून बसते. सासरचे एकेक माणूस दागिन्यांचे आमिष दाखवून तिला समजावायला जाते आणि ती हलत नाही. शेवटी नवरा लाल चाबूक घेऊन येतो, तेव्हा ती उठते. चाल इतकी उडती आहे, की शब्दांकडे लक्ष जायला वय वाढावे लागते.

या साऱ्यात वेड्याच्या बायकोचे गाणे अफलातून. ती करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू वळते, तो चेंडू म्हणून खेळतो. चकल्या त्याला बांगड्या वाटतात, शेवया गांडुळे. कडव्यांमागून कडवी नुसता फराळ! मराठी स्वयंपाकघराची अख्खी यादीच मुलींना पाठ होऊन जाते. त्यातला श्रीखंडाचा वेडेपणा तर इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. वेडा ते क्रीम समजून तोंडाला फासतो. क्रीम हा शब्द जात्यावरच्या ओवीतून आलेला नव्हे. मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो बाजारात आला १९१९ साली. तोंडाला लावायच्या असल्या बाटल्या मध्यमवर्गीय घरात शिरल्यावरच हे कडवे सुचू शकते. म्हणजे परंपरागत म्हणून गायले जाणारे हे गाणे विसाव्या शतकातही कोणीतरी अंगणात उभ्या उभ्या वाढवत होते. शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते, वेडा ती मेली समजून तिला जाळून टाकतो. पोरी त्यावरही हसतात.

गाणी संपत आली की नजरा खाऊच्या डब्याकडे वळतात, आणि शेवटच्या गाण्यात तर खिरापत चक्क मागूनच घेतली जाते. खिरापत शब्दाला आता वाईट दिवस आले आहेत. वर्तमानपत्रांत पदांची आणि आश्वासनांची खिरापत वाटली जाते. अंगणातली खिरापत मात्र फुकट मिळत नाही, ती ओळखावी लागते. घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा पदराआड धरून उभी राहते. ‘गोड की तिखट?’ ‘तिखट.’ ‘ओली की कोरडी?’ उत्तर उगाच लांबवले जाते. मग डबा हलवून आवाज ऐकवला जातो. खुळखुळ आली की दाणे, फुटाणे, चिवडा अशी नावे एका दमात बाहेर पडतात. आवाजच आला नाही तर पंचाईत, कारण मग शिरा, वाटली डाळ, मोकळ भाजणी काहीही असू शकते. आपली खिरापत कोणाला ओळखू न येणे ही त्या घराची शान. त्यासाठी बायका दुधी, बीट, काकडी असल्या भाज्यांना भलत्याच रूपात पेश करत. ऐपत बेताची असली तरी अडत नसे. रात्रीच्या उरलेल्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकून डब्यात गेला, की तोही कोड्यात मोडे.

काही ठिकाणी हिशेबही ठरलेला होता. पहिल्या दिवशी एक गाणे नि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. त्या दिवशी हादग्याची बोळवण. सोळा डबे ओळखून खाईपर्यंत अंधार पडलेला असे.

हे सोळा दिवस सूर्य हस्तात शिरल्यापासून मोजायचे, म्हणजे हिशेब सूर्याच्या चालीवर बांधलेला. शहरांत भोंडला नवरात्रात आला आणि चंद्राच्या तिथींना जोडला गेला. त्यामुळे अधिक महिन्याच्या वर्षी घोटाळा होतो. २०२० साली घटस्थापना १७ ऑक्टोबरला होती, २०२३ साली १५ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा हस्त सरून चित्रा लागल्या होत्या. आता अमेरिकेतल्या मराठी मंडळांतही भोंडला होतो, बहुधा सगळ्यांना सुट्टी असलेल्या शनिवारी-रविवारी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हत्ती छापील असतो आणि गाणी मोबाइलवर वाचून म्हटली जातात. डबा मात्र अजून घरूनच येतो. परवा-परवापर्यंत स्टीलचा असे, हलवला की सगळे सांगून टाकायचा. प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यातून आवाज कमी येतो, म्हणून पोरी आता झाकणाच्या फटीशी नाक नेतात आणि लसणाचा वास येतोय का ते पाहतात.