साष्टीच्या रानांतील कुडाचें घर

बोरिवली स्थानकांत उतरून पूर्वेकडे चालूं लागलें म्हणजे थोड्याच वेळांत राष्ट्रीय उद्यानाचें द्वार लागतें. सुट्टीच्या दिवशीं तेथून माणसांची रीघ कान्हेरीच्या लेण्यांकडे जाते. डोंगराच्या पोटांत कोरलेलीं शंभरांहून अधिक लेणीं पाहून जो तो प्राचीन कारागिरांची वाखाणणी करतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच साष्टीच्या रानांत, लेण्यांहूनही जुन्या रीतीचें एक वास्तुशिल्प आहे. त्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तें म्हणजे वारली, मल्हार कोळी, कातकरी या आदिवासींचें कुडाचें घर.

‘लेण्यांहून जुनें’ हें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल. पण त्याची साक्ष खुद्द लेणींच देतात. कान्हेरीचें मोठें चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील असून तें कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या धर्तीवर कोरलेलें आहे. कार्ल्याच्या छताला लांकडी कमानी बसविल्या होत्या, त्या आजही जागेवर आहेत. डोंगर कोरून काढलेल्या छताला लांकडाच्या आधाराची गरज कोठून असणार? तरी त्या बसविल्या. कारण वांकविलेल्या वाशांवर गवताचें छपर घातलेलीं सभागृहें कारागिरांच्या डोळ्यांपुढें होतीं. तीं मूळचीं गृहें मातीस मिळालीं. दगडांतील प्रतिकृति राहिली. तथापि लांकूड, बांबू, माती आणि गवत यांनीं घर बांधण्याची ती विद्या मात्र नष्ट झाली नाहीं. ती रानांतल्या पाड्यांत हातोहात चालत आली.

या घराची रचना साधी, पण विचारानें ठरलेली आहे. पाणी न साचणारी उंचवट्याची जागा पाहून तेथें मातीचें जोतें चोपतात. मग खड्डे घेऊन मेढी पुरतात. मेढ म्हणजे वरच्या टोंकाला नैसर्गिक दुबेळकें असलेला खांब. त्या दुबेळक्यांत आढें बसतें, आढ्यावरून दोहों बाजूंना वासे उतरतात आणि वाशांवर बांबूच्या कामट्या आडव्या बांधतात. सांध्यांना खिळा नसतो. सालीच्या दोरांनीं किंवा वेलींनीं ते आवळलेले असतात. छपराचा सारा भार या लांकडी सांगाड्यावर पडतो, भिंतीवर नव्हे. म्हणून भिंत हलकी ठेवतां येते, आणि ती जीर्ण झाली तर छपराला धक्का न लावतां बदलतां येते.

ही भिंत म्हणजेच कूड. कारवीच्या सरळ काठ्या एकीशेजारीं एक उभ्या करून त्या आडव्या कामट्यांनीं जखडावयाच्या, आणि दोन्ही अंगांनीं शेणमातीनें लिंपावयाच्या, इतकीच तिची कृति. छपर गवताचें, भाताच्या पेंढ्याचें किंवा ताडाच्या पानांचें असतें. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. यास्तव पाख्याचा उतार चांगला उभा ठेवतात. पाणी गवतांत थांबत नाहीं, काडीवरून काडीवर घसरत वळचणीला येतें. वळचणही पुष्कळ पुढें काढलेली असते; पागोळ्या मातीच्या भिंतीपासून दूर पडाव्या, हा हेतु. आंत चूल पेटते आणि तिचा धूर छपरांतून वाट काढीत बाहेर पडतो. परक्याच्या डोळ्यांना तो झोंबतो खरा. पण त्यानेंच वासे आणि गवत कोरडीं राहतात व किडीपासून वांचतात.

कारवी ही शहराला फुलांसाठीं ठाऊक आहे. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारें हें झुडूप सात-आठ वर्षांतून एकदांच फुलतें. मुंबईच्या रानांत 2008, 2016 आणि 2024 या वर्षीं तिचा जांभळा बहर आला. त्या वेळीं वृत्तपत्रांतून छायाचित्रें झळकलीं आणि हौशी मंडळी डोंगरावर गेली. बी पिकल्यावर तें झुडूप मरतें, वाळलेल्या काठ्या मागें राहतात, आणि मग शहर त्या डोंगराकडे पुढील बहरापर्यंत फिरकत नाहीं. पाड्यांतील माणसाच्या लेखीं कारवीचा खरा उपयोग तेथून सुरू होतो.

वारल्यांच्या घरीं लग्न निघालें म्हणजे याच लिंपलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें सुवासिनी देवचौक लिहितात. पुढें ही चित्रें कागदावर उतरलीं. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना 2011 सालीं पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रें दिवाणखान्यांच्या भिंतींवर लागलीं. चित्राला मान मिळाला ही आनंदाची गोष्ट होय. पण ज्या भिंतीवर तें जन्मलें, तिची विचारपूस कोणीं केली नाहीं.

या घराचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. गवताला आग लागते. कुडांत सरपटणारे प्राणी शिरतात. मृगाचें नक्षत्र लागण्यापूर्वीं दरवर्षीं शाकारणी आणि लिंपण करावें लागतें. त्यांत कुटुंबाचे व शेजाऱ्यांचे कित्येक दिवस जातात. मजुरीसाठीं शहरांत जाणाऱ्या माणसापाशीं ते दिवस उरत नाहींत. अशा माणसानें पत्रा घातला, विटांची भिंत उभारली, तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार पक्क्या घरांत राहणारांस नाहीं.

परंतु कूड नाहींसा होण्याचें हें एकच कारण नव्हे. घर बांधावयाचें तें रानांतील साहित्यानें, आणि रान तर राष्ट्रीय उद्यान. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें उद्यानांतून परवानगीवांचून लांकूड, गवत किंवा दुसरी कोणतीही वनवस्तु नेतां येत नाहीं. या निर्बंधाला सबळ कारण आहे. सुमारें 104 चौरस किलोमीटरांच्या या रानाला चहूंकडून महानगराचा वेढा आहे. त्यांत बिबट्यांचा निवास आहे आणि विहार व तुळशी हे शहराला पाणी पुरविणारे तलाव आहेत. 1997 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला. तेव्हां नव्यानें आलेली वस्ती कोणती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा कोणता, हा भेद वादाचा विषय झाला. पुढें 2006 च्या वनहक्क कायद्यानें वननिवासींचे गौण वनोपजांवरील हक्क मान्य केले. त्या उपजांत बांबू आणि झुडपी लांकूड यांचाही समावेश आहे. कागदावरील हक्क आणि डोंगरावरील काठी यांमधील अंतर मात्र अद्याप तुटलेलें नाहीं. जेथें मोळी आणावयास जातांना भय वाटतें, तेथें बाजारांतला पत्रा सोईचा ठरतो.

मग अशा घराचें जतन करावयाचें कसें? येथें दुसऱ्या देशांचा अनुभव उपयोगी पडेल. इंग्लंडांत ससेक्समधील आल्फ्रिस्टन गांवीं चौदाव्या शतकांतील एक पाद्र्याचें घर आहे. लांकडी सांगाड्याचें आणि गवती छपराचें. तें पडण्याच्या बेतांत असतां 1896 सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें अवघ्या दहा पौंडांस विकत घेतलें. संस्थेनें घेतलेली ती पहिली इमारत. जपानांत शिराकावा गांवच्या उंच गवती छपरांच्या घरांना 1995 सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तेथेंही चुलीच्या धुरानें गवत राखलें जातें, वासे दोरांनीं बांधतात, आणि छपर बदलण्याच्या दिवशीं सारा गांव एका घरावर चढतो. इसे येथील गवती छपराचें देवालय तर दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानें उभारतात. 2013 सालीं तें असें उभारलें गेलें. त्यांतील लांकूड नवें, गवत नवें, तरी देवालय तेंच. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींची कुटी उभी आहे, तीही वारंवार लिंपणाऱ्या हातांमुळेंच.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. दगडाची इमारत राखावयाची म्हणजे तिला हात लावूं द्यावयाचा नाहीं. गवताचें घर राखावयाचें म्हणजे त्याला हात लावणारीं माणसें राखावयाचीं. मुंबईंत 1995 सालीं वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम झाले, तसे नियम करणारें हें देशांतील पहिलें शहर. अशा नियमांनीं ठराविक इमारतीचें रक्षण होतें. दरवर्षीं अंग पालटणाऱ्या घराला ते अपुरे पडतात. एखादी झोपडी संग्रहालयांत नेऊन तिच्याभोंवतीं कुंपण घातलें, तर नमुना राहील; पण चूल विझली कीं वाशांना कीड लागेल, आणि नवा वासा निवडणारा माणूस सांपडणार नाहीं.

उपाय फार खर्चाचे नाहींत. वाळलेली कारवी पाड्यांना ठरावीक प्रमाणांत, उघडपणें आणि लेखी परवानगीनें मिळावी. शाकारणी जाणणाऱ्या वृद्धांना मजुरी देऊन तरुणांना त्यांच्या हाताखालीं शिकवावें. ज्या कुटुंबाला कुडाचें घर हवें असेल त्याला जोत्यासाठीं दगड, विजेचा दिवा आणि धुराला नीट वाट द्यावी. ज्याला पक्कें घर हवें त्याला तें मिळावें. सक्तीनें राखलेलें घर हें घर राहत नाहीं.

आठ वर्षांच्या हिशेबानें कारवीचा पुढील बहर 2032 सालीं यावयाचा आहे. फुलें पाहावयास शहर त्या वेळींही डोंगरावर जाईल. बहर सरल्यावर वाळलेल्या काठ्यांतून कुडाजोगी काठी कोणती हें ओळखणारा एखादा वृद्ध, आणि ती त्याच्याकडून शिकून घेणारा एखादा तरुण, तोंवर पाड्यांत असला पाहिजे. तयारीला तेवढीच मुदत आहे.